दोघींच्या हातचा स्वेटर

ऑपरेटरबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी फोन वाजला की त्या अजून ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘बोला’ म्हणत. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर त्यांची उभी हयात गेली. रडणारे, भांडणारे, भलत्याच वॉर्डात फोन लागलेले, सगळे त्यांच्या त्या एका ‘बोला’पुढे जरा थांबत, श्वास घेत आणि मग नीट सांगू लागत. इमारतीतले लोकही त्यांना ऑपरेटरबाईच म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दाराची बेल वाजवली की आतून खणखणीत ‘बोला’ येई, आणि बाहेरचा माणूस हसू दाबत उभा राही.

त्या दुपारी त्या स्टुलावर चढून खिडकीच्या काचा पुसत होत्या. फोन वाजला तशा उतरल्या आणि ओल्या हातानंच त्यांनी तो उचलला.

“बोला.”

“आई, मी आहे गं. नक्की झालं. सगळं पूर्ण झालं. पुढच्या महिन्यात तिला घरी आणायचं.”

लेक एका दमात बोलली. ऑपरेटरबाईंच्या हातातल्या फडक्यातून पाणी टपटप पायावर पडत होतं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “फार बरं झालं. जेवलीस का?”

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. पोरीनं आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी दिली, आणि आपण विचारलं काय, तर जेवलीस का!

लेक आणि जावई मूल दत्तक घेणार हे काही एका दिवसात ठरलेलं नव्हतं. दीड-दोन वर्षं ते या खटपटीत होते. मुलगी अडीच वर्षांची होती, दुसऱ्या गावच्या एका संस्थेत वाढत होती. दोघं तिला भेटून आले होते, पुन्हा भेटायला जाणार होते. ऑपरेटरबाईंचा याला विरोध नव्हता. उलट लेक हातपाय गाळून बसायची तेव्हा त्याच तिला हाताला धरून उठवायच्या. पण एक गोष्ट त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. आपण आजी होणार, हे त्यांच्या डोक्याला कळत होतं, आत मात्र उतरत नव्हतं. लेकीला दिवस गेले असते तर निदान डोळ्यांना काही दिसलं असतं. पोट दिसलं असतं, पाय सुजले असते, वेळीअवेळी आंबट खावंसं वाटलं असतं. इथे दिसायला होता फक्त एक फोटो. त्यात कापलेल्या केसांची एक मुलगी हातात प्लास्टिकची बादली घेऊन, फोटो काढणाऱ्याकडे संशयानं बघत उभी होती. ऑपरेटरबाई तो फोटो रोज बघत. मुलगी रोज तितक्याच संशयानं त्यांच्याकडे बघे.

काचा अर्ध्याच पुसून झाल्या होत्या. त्यांनी स्टूल उचललं, कपाटापाशी नेलं आणि वरच्या फळीवरून छत्रीचं एक जुनं कव्हर खाली काढलं. त्यात त्यांच्या विणायच्या सुया होत्या. एके काळी बोर्डावर जरा उसंत मिळाली की त्यांचे हात चालू होत. हॉस्पिटलातल्या किती नर्सांची, वॉर्डबॉयांची, डॉक्टरांची पोरं त्यांच्या स्वेटरांत वाढली होती. त्यांची वीण इतकी घट्ट असायची की एका सर्जननं त्यांच्या स्वेटरचं नाव ‘चिलखत’ ठेवलं होतं. तो म्हणायचा, “बाई, या स्वेटरमधून थंडी काय, इंजेक्शनसुद्धा आत जायचं नाही.”

सुया हातात आल्या आणि त्यांना बरं वाटलं. निदान करायला काहीतरी मिळालं.

पहिली अडचण मापाची आली. न बघितलेल्या पोरीचा स्वेटर विणायचा कसा? रविवारी लेक-जावई आले तेव्हा त्यांनी जावयाला समोर बसवून विचारलं, “कशी आहे हो अंगानं?”

जावई चष्म्याच्या दुकानात काम करायचा. लोकांच्या डोळ्यांतलं अंतर तो मिलिमीटरमध्ये मोजायचा. पण आता त्यानं दोन्ही हात हवेत धरले आणि म्हणाला, “एवढी.”

“एवढी म्हणजे?”

“एवढी हो, आई.” हातांतलं अंतर तेवढ्यात वाढलं होतं.

“अहो, मघाशी ससा होता, आता वासरू झालं!”

लेक हसून हसून लोळायची बाकी राहिली. “उंची सांगू का?” ती म्हणाली. “तिथल्या टेबलाएवढी आहे.”

“कुठलं टेबल? चहाचं, लिहायचं, की ऑपरेशनचं?”

शेवटी ऑपरेटरबाईंनी पांढऱ्या लोकरीचा एक लांब धागा कापून जावयाच्या खिशात घातला. पुढच्या भेटीत पोरीच्या छातीभोवती धागा गुंडाळायचा, जिथे दोन टोकं भेटतील तिथे गाठ मारायची, तसंच बाहीचं, तसंच खांद्यापासून कमरेपर्यंतचं. एवढं साधं काम. दोनदा समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली.

पुढच्या रविवारी दोघं परत आले ते रिकाम्या हातांनी.

“धागा कुठाय?”

“तिच्याकडे,” जावई म्हणाला. “मी गुंडाळायला गेलो, तिनं तो हिसकावून घेतला. मग बादलीला बांधला. मग बादली ओढत सगळ्या खोलीभर फिरली. मागायला गेलो तर...” त्यानं मनगट पुढे केलं. मनगटावर बारीक दातांच्या खुणा होत्या, आणि तो त्या एखादं पदक दाखवावं तशा दाखवत होता.

“चावली?” ऑपरेटरबाईंनी विचारलं.

“चावली,” लेक म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. “मागच्या वेळी आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती, आई.”

“मग माप?”

“ते आणलंय ना!” जावई म्हणाला. “ती बादली ओढत होती तेव्हा मी मागून हळूच वीत लावली. पाठ माझी दीड वीत. त्याहून थोडी कमीच.”

ऑपरेटरबाईंनी त्याचा हात टेबलावर पालथा ठेवून घेतला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पट्टी लावली आणि मान हलवली. जावयाच्या वितीच्या मापानं नातीचा स्वेटर! पण काहीच नसण्यापेक्षा हे बरं होतं. आणि गंमत म्हणजे त्या पट्टीवरच्या आकड्यानं फोटोतल्या पोरीला पहिल्यांदाच जरा अंग आलं. तिला पाठ होती. तिला दात होते.

लोकर कुठल्या रंगाची घ्यायची हा प्रश्नच नव्हता. फोटोतली ती बादली मोरपंखी होती, आणि लेकीनं सांगितलं होतं की ती बादली ती झोपतानाही सोडत नाही. ऑपरेटरबाई बाजारातल्या लोकरीच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं शिडीवर चढून मोरपंखी रंगाचे गुंडे खाली काढले, मोजले आणि म्हणाला, “एवढेच राहिलेत, बाई. परवाच एक बाई येऊन अर्धे घेऊन गेल्या.”

“पुरतील ना लहान मुलीला?”

“पुरतील की,” दुकानदार म्हणाला. ज्यानं जन्मात सुई हातात धरली नव्हती, त्या माणसाचं हे मत त्यांनी घाईत मान्य केलं.

आठवडाभर त्या विणत होत्या. काठाची पट्टी झाली, वरची सपाट वीण सुरू झाली. बाल्कनीत उन्हाला बसून विणताना बऱ्याच वर्षांनी बोटं आपोआप चालायला लागली. पाठीचा भाग काखेपर्यंत आला तेव्हा त्यांनी उरलेल्या गुंड्यांकडे बघितलं आणि सुया खाली ठेवल्या. घट्ट वीण लोकर खाते हे त्या विसरल्याच होत्या. पाठ पुरी होईल, फार तर एक बाही होईल. पुढचा भाग काय हवेचा विणायचा?

त्या दुकानात गेल्या. दुकानदारानं हात वर केले. त्या रंगाचा माल पुन्हा येईल, पण छटा तीच असेल याची खात्री नव्हती. शेजारच्या दुकानात मोरपंखी म्हणून जे दाखवलं ते निळंही नव्हतं आणि हिरवंही. पाय ओढत त्या घरी आल्या, आणि दाराचं कुलूप काढता काढता आतला फोन वाजायला लागला.

“बोला.”

“बोलते की! बोलायलाच फोन केलाय!” विहीणबाईंचा आवाज इतका मोठा होता की ऑपरेटरबाईंनी फोन कानापासून लांब धरला.

जावयाची आई म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. त्यांचं बायकांच्या केसांचं पार्लर होतं; आता ते धाकट्या बहिणीच्या हाती दिलं होतं, तरी रोज एक चक्कर असायचीच. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उभं राहून बोलायची सवय, त्यामुळे समोरचा उत्तर देतोय की नाही याची त्यांना फिकीर नसे. ऑपरेटरबाईंना त्या वाईट वाटत होत्या असं नाही. पण त्यांच्याशी तासभर बोललं की घरी येऊन डोक्याला बाम लावावा लागे. लग्नानंतर इतक्या वर्षांत दोघींचं नातं सणासुदीला भेटावं, तब्येत विचारावी, एवढंच होतं.

“तर सांगत काय होते,” विहीणबाई म्हणाल्या, “मी आपल्या छोटीसाठी स्वेटर विणतेय. विणतेय म्हणजे काय, पुढचा भाग झालासुद्धा! आता मेली लोकरच संपत आली. आणि रंग असा की कुठे मिळेना. तिच्या त्या बादलीचा रंग हो.”

ऑपरेटरबाई खुर्चीत बसल्या.

“विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “बाजारातल्या दुकानातून अर्धे गुंडे तुम्ही उचललेत का?”

विहीणबाई गप्प झाल्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

“उरलेले अर्धे तुम्ही नेलेत?” त्यांनी विचारलं, आणि मग अशा काही हसत सुटल्या की ऑपरेटरबाईंनाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई विणकामाची पिशवी घेऊन जिने चढून वर आल्या. धापा टाकत सोफ्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “काढा तुमची पाठ.”

ऑपरेटरबाईंनी पाठ टेबलावर मांडली. विहीणबाईंनी शेजारी आपला पुढचा भाग मांडला. दोघी बघत राहिल्या.

टाके दोघींनी जवळपास सारखेच घातले होते. रंग तोच, पट्टी तशीच. पण ऑपरेटरबाईंची पाठ एखाद्या बाहुलीची होती, आणि विहीणबाईंचा पुढचा भाग शाळेत जाणाऱ्या दांडगट मुलीचा.

“काय हो हे,” विहीणबाई म्हणाल्या, “तुम्ही विणलंय की शिवणयंत्रात दाबलंय? बोट जात नाही आत!”

“आणि तुम्ही विणलंय की मासे पकडायचं जाळं केलंय? यातून तर पोरगीच बाहेर पडेल!”

“माझी वीण मोकळी आहे. लेकराला श्वास घेता आला पाहिजे.”

“श्वास नाकानं घेतात, विहीणबाई. पाठीनं नाही.”

हे जरा जास्तच झालं, असं ऑपरेटरबाईंना वाटलं. पण विहीणबाई मांडीवर थाप मारून हसल्या. मग दोघींनी दोन्ही तुकडे उलटेपालटे करून बघितले, ताणून बघितले, जावयाच्या वितीचं माप लावून बघितलं. मापात एकही बसत नव्हता. एक उसवावा तर दुसरा उरतोच.

“दोन्ही उसवायचे,” ऑपरेटरबाई म्हणाल्या.

“दोन्ही?” विहीणबाईंनी आपला तुकडा छातीशी धरला. “माझा पुढचा भाग पुरा झालाय हो.”

“माझीही पाठ काखेपर्यंत आलीय.”

“आधी तुम्ही सुरू करा.”

“एकदमच करू.”

दोघींनी धाग्याची टोकं धरली आणि ओढायला सुरुवात केली. विहीणबाईंचा तुकडा सरसर सुटत गेला, ओळीमागून ओळ, आणि त्यांचं तोंड इतकं पडलं की ऑपरेटरबाईंना कसंनुसं झालं. त्यांचा स्वतःचा मात्र हलेना. टाका टाक्यात रुतून बसला होता. शेवटी विहीणबाईंनीच तो हातात घेतला, केसांतला गुंता सोडवणाऱ्या त्यांच्या बोटांनी टोक मोकळं केलं आणि न तोडता, न ओढता हळूहळू सगळं सोडवून दिलं.

“केसांचं आणि लोकरीचं तंत्र एकच,” त्या म्हणाल्या. “राग धरला की गाठ बसते.”

मग सुयांची अदलाबदल झाली. ऑपरेटरबाईंनी विहीणबाईंच्या जाड सुया घेतल्या, म्हणजे त्यांची वीण जरा सैल पडेल. विहीणबाईंनी त्यांच्या बारीक सुया घेतल्या, म्हणजे त्यांची जरा आवळेल. एकीनं पाठ विणायची, एकीनं पुढचा भाग, आणि बाह्या एकेक. विहीणबाई रोज दुपारी येऊ लागल्या. समोरासमोर खुर्च्या टाकून दोघी बाल्कनीत बसायच्या. मधूनमधून तुकडे एकमेकांना लावून बघायच्या. ऑपरेटरबाई म्हणायच्या, “सैल पडतंय”, विहीणबाई म्हणायच्या, “आवळतंय तुमचं.” चहा व्हायचा. आणि एक दिवस आपण बाम लावायचा विसरलोय, हे ऑपरेटरबाईंच्या लक्षात आलं.

अशाच एका दुपारी विहीणबाई विणता विणता म्हणाल्या, “मागच्या महिन्यात पार्लरमध्ये एक तमाशा झाला. तुम्हाला सांगितला नाही.”

“काय झालं?”

“एक जुनं गिऱ्हाईक आलं होतं. मी केस कापत होते आणि कौतुकानं सांगत होते, आमच्याकडे नात येणार म्हणून. तर ती आरशात बघत म्हणते कशी, ‘पण स्वतःचं नाही ना ते!’”

ऑपरेटरबाईंची सुई थांबली. “मग?”

“मग काय! मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, बाई, उठा. ती म्हणाली, अहो, एकच बाजू झालीय. म्हटलं, झालीय तेवढी बास. स्वतःचे केस आहेत ना, स्वतः कापा.” विहीणबाईंनी जोरात टाका ओढला. “एक बाजू कानापर्यंत, एक खांद्यापर्यंत. तशीच गेली रस्त्यानं. माझी बहीण अजून बोलत नाही माझ्याशी.”

ऑपरेटरबाई हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आणि पाणी पुसताना हे सगळंच काही हसण्याचं नाही, हे त्यांना कळलं. या बाईनं सगळ्या पार्लरला सांगितलं होतं. न बघितलेल्या नातीसाठी ती भर दुकानात भांडली होती. आणि आपण? आपण या इमारतीत एकालाही सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. पण कुणी विचारलं तर काय म्हणायचं, ते शब्द तोंडात तयार नव्हते.

“तुम्हाला कधी वाटलं नाही का हो,” त्यांनी विचारलं, “की आपल्याला जमेल का? म्हणजे... आतून माया येईल का?”

विहीणबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. त्यांचा आवाज खाली आला.

“वाटलं ना. रोज वाटतं. म्हणून तर विणायला घेतलं.”

मग दोघी विणत राहिल्या. खाली कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरबाईच विणकाम पिशवीत घालून विहीणबाईंकडे निघाल्या होत्या. जिन्यात पहिल्या मजल्यावरचे पोस्टमास्तर भेटले. तेही निवृत्त होते, आणि चौकशी केल्याशिवाय कुणाला पुढे सोडत नसत. पिशवीतून मोरपंखी बाही बाहेर लोंबत होती.

“वा! कुणासाठी एवढं चाललंय?” त्यांनी विचारलं.

“नातीसाठी,” ऑपरेटरबाई म्हणाल्या.

शब्द सहज आला. पायरी उतरावी तसा. त्या स्वतःच क्षणभर कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

“नात? कधी झाली? कळवलं नाहीत!”

“अडीच वर्षांपूर्वी झाली,” त्या म्हणाल्या. “घरी आता येतेय. चावते, पण गुणी आहे.”

पोस्टमास्तर तोंड उघडं टाकून बघत राहिले, आणि ऑपरेटरबाई ताड ताड जिना उतरून गेल्या. त्या दिवशी विहीणबाईंच्या घरी पोचेपर्यंत वाटेत भेटलेल्या भाजीवाल्याला, इस्त्रीवाल्याला आणि एका अनोळखी बाईलाही त्यांनी ती बातमी सांगून टाकली होती.

छोटी घरी आली. संस्थेच्या बाईंनी सांगितलं होतं की पहिले काही दिवस घरात फक्त आई-बाबांनीच असावं, तिला सवय होऊ द्यावी. दोन्ही आज्यांनी ते निमूट मान्य केलं आणि मग रोज लेकीला इतके फोन केले की जावयानं हात जोडले. ती खाते का? खाते. झोपते का? दिवा लावून झोपते. रडते का? नाही, आणि तेच लेकीला खुपत होतं. ती रडत नव्हती, हसतही नव्हती. बादली धरून एका जागी बसून राहायची आणि घर बघायची.

शेवटी एका रविवारी बोलावणं आलं. स्वेटर धुऊन, वाळवून, घडी करून तयार होता. खांदे ऑपरेटरबाईंनी जोडले होते, गळ्याचे टाके विहीणबाईंनी उचलले होते, आणि गळ्याच्या फटीवर बटणं कोण लावणार यावरून झालेला वाद शेवटी एकीनं वरची, एकीनं खालची लावून मिटला होता.

दार लेकीनं उघडलं. आत सोफ्याच्या मागे एक डोकं दिसलं आणि लगेच गायब झालं.

“कुणी बोलावू नका तिला,” लेक हळू आवाजात म्हणाली. “येईल ती.”

ऑपरेटरबाईंनी स्वेटर सोफ्यावर ठेवला आणि त्या लांब जाऊन बसल्या. विहीणबाईंनी तोंडावर हात धरला. गप्प राहायला त्यांना खरोखरच कष्ट पडत होते. बराच वेळ गेला. मग सोफ्याच्या पाठीवरून एक छोटा हात वर आला, त्यानं स्वेटरची बाही धरली आणि सगळा स्वेटर पलीकडे ओढून नेला.

जावई हळूच म्हणाला, “घालू का तिला?”

“आणि दुसरं मनगट देऊ का?” ऑपरेटरबाईंनी विचारलं. “बसा खाली.”

सोफ्यामागे खुडबुड चालू होती. धपकन पडल्याचा आवाज आला. लेक उठायला लागली, तोच छोटी बाहेर आली. तिनं स्वेटर घातला होता, फक्त पायांत. दोन बाह्यांत दोन पाय, गळा मागे लोंबतोय, आणि त्यावरची बटणं शेपटासारखी जमिनीवर घासताहेत. बाह्या लांब झाल्या होत्या, त्यामुळे पावलं आत हरवली होती. ती बदकासारखी डुलत दोन पावलं आली, घसरली आणि बुडावर बसली.

कुणी हसायचं नाही असं सगळ्यांनी मनाशी ठरवलं होतं. विहीणबाईंनी पदर तोंडात कोंबला. पण ऑपरेटरबाईंनाच राहवलं नाही. ज्यांनी बोर्डावर भले भले शांत केले, त्यांच्या तोंडून फुस्सकन हसू सुटलं.

छोटीनं त्यांच्याकडे बघितलं. तोच फोटोतला संशय होता. मग तिनं स्वतःच्या पायांकडे बघितलं, पाय वर करून हलवले, मोरपंखी बाह्यांची रिकामी टोकं फडफडली, आणि ती हसली. खळखळून, आवाज करून, मान मागे टाकून हसली. पुन्हा उठली, पुन्हा मुद्दाम पडली, आणि पुन्हा ऑपरेटरबाईंकडे बघून हसली; यांना आवडतंय ना, हे तपासत.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

“आल्यापासून पहिल्यांदा,” जावई म्हणाला.

ती सगळी दुपार स्वेटर पायांतच राहिला. विहीणबाई जमिनीवर बसल्या, मग लोळल्या, मग छोटीनं त्यांच्या केसांतल्या पिना एकेक करून काढून बादलीत टाकल्या. त्या हूं की चूं न करता बसून राहिल्या. निघताना ऑपरेटरबाईंनी ‘येते हं’ म्हणून हात हलवला. छोटीनं हात हलवला नाही. पण त्यांच्या चपलेवर पाय ठेवून उभी राहिली, आणि तिला उचलून बाजूला करेपर्यंत तिथून हलली नाही.

थंडी सुरू झाली तशी तिनं स्वेटर एक दिवस आपणहून डोक्यातून घालून मागितला. छातीत बरोबर बसला. जावयाची वीत खरी ठरली. बाह्या दुमडाव्या लागल्या. डावी बाही, म्हणजे विहीणबाईंची, उजवीपेक्षा किंचित लांब होती. ऑपरेटरबाईंच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. विहीणबाई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “उजवी बाही जरा आखूड झालीय, आमच्या विहीणबाईंची ना!”

छोटी आता ऑपरेटरबाईंकडे अधूनमधून राहायला येते. त्या दिवशी जेवताना तिनं स्वेटरवर जॅम सांडला, वर भाजी, वर दूध. ती दुपारी झोपल्यावर ऑपरेटरबाईंनी स्वेटर हलक्या हातानं कोमट पाण्यात धुतला, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला आणि बाल्कनीत उन्हाला आडवा पसरला. कोपरांवर तो आता पोरीच्या कोपरांसारखा फुगला होता. पोटापाशी सैल झाला होता. पुढचा भाग कुणाचा आणि मागचा कुणाचा हे वीण बघून ओळखू येईनासं झालं होतं. त्यांनी बाह्या सरळ केल्या, गळा हातानं नीट बसवला.

आत चादर हलली. झोपेतून उठलेला, जरा चिडका आवाज आला.

“आजी!”

“आले गं,” ऑपरेटरबाई म्हणाल्या आणि ओले हात पुसत आत गेल्या.